गोडाऊनमधल्या फोनसाठी वेब कंपोनंट: कॅमेरा, स्कॅनर, लोकेशन नीट कसं वापरायचं

इंदूरच्या दवा बाजारात औषधांचा होलसेल धंदा करणारे एक शेठजी आहेत, त्यांचं स्टॉकचं वेब ॲप मी दीड वर्षापासून सांभाळतोय. माल तळघरात, काउंटर वर, आणि स्टॉक मोजणारी पोरं एका हातात खोकं नि दुसऱ्या हातात स्वतःचाच मोबाईल घेऊन रॅकपाशी उभी. कुणाकडे सात हजाराचा अँड्रॉइड, शेठजींच्या मुलाकडे आयफोन. दोन्हीसाठी वेगळी ॲप्स बनवायचं बजेट नव्हतं म्हणून वेबच घ्यायचं ठरलं, आणि मग फोनचा कॅमेरा, लोकेशन वगैरे वेब पेजमधून धंद्याला पुरेल इतकं भरवशाने कसं चालवायचं हे एकेक करून शिकावं लागलं. तेच इथे लिहितोय, म्हणजे तुमचे दोन-तीन महिने वाचतील.

सगळ्यात आधी एक गोष्ट पक्की करा. फॉर्मला कॅमेरा आहे की नाही हे कळताच कामा नये. फॉर्मला फक्त व्हॅल्यू हवी, ती स्कॅन करून आली, हाताने टाईप करून आली की ब्लूटूथ स्कॅनर गनने आली याच्याशी त्याला देणंघेणं नाही. म्हणून प्रत्येक फोन-फीचरसाठी एक स्वतंत्र कस्टम एलिमेंट (आपण स्वतः बनवलेला एचटीएमएल टॅग, वेब कंपोनंट म्हणतात तो हाच) बनवा, आमच्याकडे स्कॅन-फील्ड, फोटो-फील्ड, जागा-फील्ड असे तीन आहेत (नावात हायफन लागतोच, नाहीतर ब्राउझर रजिस्टर करू देत नाही). प्रत्येकाच्या आत एक साधा इनपुट बॉक्स कायम दिसतो, आणि फीचर फोनमध्ये असेल तरच त्याच्या शेजारी बटण उगवतं. उलटं करू नका, म्हणजे आधी कॅमेरा आणि तो नसेल तर बॉक्स असं नको, कारण ओला किंवा फाटका बारकोड रोज येतो आणि तेव्हा पोरगा टाईपच करणार आहे.

आता शॅडो डॉममुळे (कंपोनंटचा आतला, बाकी पानापासून वेगळा ठेवलेला भाग) दोन ठिकाणी हमखास अडकायला होतं. एक, आतून फेकलेला कस्टम इव्हेंट बाहेर पोचतच नाही, त्याला बबल्स आणि कंपोज्ड दोन्ही ट्रू द्यावे लागतात. दुसरं, शॅडोच्या आतला इनपुट बाहेरच्या फॉर्मबरोबर सबमिट होत नाही, त्यासाठी क्लासमध्ये फॉर्म-असोसिएटेड ट्रू ठेवून एलिमेंट-इंटर्नल्समधून सेट-फॉर्म-व्हॅल्यू करायचं, आयफोनवर हे सफारी १६.४ पासून चालतं.

आता स्कॅनर, खरी मेहनत इथेच आहे. क्रोमच्या अँड्रॉइडमध्ये बारकोड-डिटेक्टर नावाचा एपीआय (बारकोड वाचायची ब्राउझरमधलीच सोय) तयार मिळतो, आयफोनच्या सफारीत तो धरून चालता येत नाही, म्हणून ब्राउझरच्या विंडो ऑब्जेक्टमध्ये तो आहे का बघा, नसेल तर झेब्रा क्रॉसिंगसारखी (ZXing) बारकोड वाचणारी लायब्ररी तेव्हाच लोड करा, पेज उघडतानाच नको, नाहीतर ज्यांना लागत नाही त्यांचंही पेज जड होतं. फॉरमॅट द्या मोजके. आम्ही ईएएन-१३ (मालावरचा नेहमीचा तेरा आकडी बारकोड), कोड-१२८, क्यूआर आणि डेटा-मॅट्रिक्स (क्यूआरसारखाच चौकोनी कोड) एवढेच दिले आणि चुकीची रीडिंग बरीच कमी झाली. प्रत्येक फ्रेम तपासू नका, दर १५०–२०० मिलिसेकंदाला एकदा पुरे, फोन गरम होत नाही आणि बॅटरी संध्याकाळपर्यंत टिकते. एकच कोड लागोपाठ दोनदा सारखा वाचला तरच तो खरा धरा, आणि एकदा घेतला की पुढचे दोन सेकंद तोच कोड आला तर सोडून द्या. हे केलं नव्हतं तेव्हा एका खोक्याची नोंद चार-चार वेळा व्हायची आणि रात्री हिशेब जुळत नसे.

गेट-यूझर-मीडियाला (ब्राउझरमधून कॅमेरा उघडायचं फंक्शन) फेसिंग-मोड एन्व्हायर्नमेंट द्या म्हणजे मागचा कॅमेरा उघडतो. आयफोनसाठी व्हिडिओ टॅगवर प्लेज-इनलाइन हवाच, नाहीतर व्हिडिओ पूर्ण स्क्रीनवर जातो, आणि व्हिडिओ आपोआप सुरू व्हायला म्यूटेडही ठेवा. तळघरात अंधार, म्हणून टॉर्चचं बटण ठेवा. कॅमेऱ्याच्या व्हिडिओ ट्रॅकच्या गेट-कॅपॅबिलिटीजमध्ये टॉर्च दिसला तरच बटण दाखवा आणि अप्लाय-कन्स्ट्रेंट्सने चालू करा. दिसायला ही छोटी गोष्ट, पण पोरांनी सगळ्यात जास्त आनंद याच बटणाचा मानला.

आणि कृपा करून डिसकनेक्टेड-कॉलबॅकमध्ये (कंपोनंट पानावरून निघाला की चालणारं फंक्शन) कॅमेऱ्याचे सगळे ट्रॅक स्टॉप करा. मी सुरुवातीला फक्त व्हिडिओ टॅग काढून टाकत होतो, तर पान बदललं तरी कॅमेऱ्याचा हिरवा ठिपका वर तसाच, फोन तापलेला, आणि दुसऱ्या पानावर जाऊन परत आलं की कधीकधी नॉट-रीडेबल एरर. खालून फोन यायचा, "भिया, कैमरा नी चल रिया". शोधत बसलो तर कारण एवढंच. पान लपलं, म्हणजे व्हिजिबिलिटी-चेंज आला, की तेव्हाही कॅमेरा बंद करा आणि परत आल्यावर पुन्हा उघडा.

कोड वाचला म्हणजे काम झालं असं नाही. औषधांच्या बाबतीत तर नाहीच. ईएएन-१३ मध्ये फक्त प्रॉडक्टचा नंबर असतो, भारतात नोंदलेल्याची सुरुवात ८९० ने, त्यात बॅच किंवा एक्स्पायरी नसते, आणि होलसेलरला नेमकं तेच हवं असतं. शेवटचा आकडा चेक डिजिट, तो कंपोनंटच्या आतच तपासा: पहिले बारा आकडे आळीपाळीने १ आणि ३ ने गुणून बेरीज करायची, दहाच्या पुढच्या पटीला पोचायला जितकं कमी पडतं तो तेरावा आकडा. हाताने टाईप केलेल्या नंबरालाही हीच तपासणी लावा, खरी चूक तिथेच होते. १ ऑगस्ट २०२३ पासून ठरावीक ३०० ब्रँडच्या औषधांच्या पॅकवर क्यूआर किंवा बारकोड सक्तीचा आहे आणि त्यात बॅच नंबर, उत्पादनाची तारीख, एक्स्पायरी हे सगळं असायला हवं, पण सगळ्या कंपन्यांची मांडणी एकच असेल असं धरून पार्सर लिहू नका. जीएस-वन (बारकोडचे नियम ठरवणारी संस्था) पद्धतीचा डेटा-मॅट्रिक्स असेल तर ०१ नंतर चौदा आकडी प्रॉडक्ट नंबर, १७ नंतर एक्स्पायरीचे सहा आकडे, वर्ष-महिना-दिवस या क्रमाने, आणि दिवसाच्या जागी ०० आलं तर महिन्याचा शेवटचा दिवस समजायचा. १० नंतर बॅच, तिची लांबी ठरलेली नसते, तिच्या मागे आणखी काही असेल तर ती एका न दिसणाऱ्या सेपरेटरपाशी संपते ज्याचा कॅरेक्टर कोड २९ आहे. मजकुराची सफाई करताना हा सेपरेटर उडवला की बॅचच्या मागे पुढची माहिती चिकटते. फॉरमॅट ओळखू आला नाही तर मूळ मजकूर जसाच्या तसा ठेवा आणि बॅच माणसाला भरू द्या, अंदाजाने तारीख भरू नका, औषध आहे ते.

स्कॅन झालं हे कळायला अँड्रॉइडवर व्हायब्रेट वापरा, आयफोनच्या सफारीत ते नाही म्हणून बीप आणि हिरवी चौकट दोन्ही ठेवा. आवाज वाजायला आधी माणसाने कुठेतरी टॅप केलेलं लागतं, कॅमेरा उघडायचं बटण तो टॅप देतंच.

परमिशनबद्दल: पान उघडल्या उघडल्या कॅमेरा किंवा लोकेशन मागू नका. माणूस घाबरून नाही म्हणतो, आणि एकदा नाही म्हटलं की ब्राउझर बहुतेक वेळा परत विचारतच नाही, सेटिंगमध्ये जाऊन चालू करावं लागतं. बटण दाबल्यावरच मागा. नॉट-अलाउड एरर आला तर नुसतं एरर म्हणून सोडू नका, कुठे दाबायचं ते दोन ओळीत लिहा, आणि तळघरातल्या पोरांसाठी ते हिंदीत लिहा.

फोटोसाठी मात्र गेट-यूझर-मीडियाच्या वाटेला जाऊ नका असंच माझं मत आहे. फुटलेल्या बाटलीचा किंवा सही केलेल्या चलानचा फोटो हवा तर इनपुट टाईप फाईल, ॲक्सेप्ट इमेज, कॅप्चर एन्व्हायर्नमेंट, एवढं पुरतं, फोनचा स्वतःचा कॅमेरा उघडतो, फोकस चांगला येतो. एक धोका आहे. कमी रॅमच्या फोनवर कॅमेरा उघडला की मागचा ब्राउझर टॅब मारला जातो आणि परत आल्यावर पान नव्याने लोड होतं, भरलेला फॉर्म गायब. म्हणून बटण दाबताक्षणी फॉर्मचा ड्राफ्ट इंडेक्स्ड-डीबीत (ब्राउझरमधला डेटा साठवायचा कप्पा) टाका, मग कॅमेरा. फोटो कॅनव्हासवर १२८० पिक्सेलपर्यंत लहान करून जेपेग ०.७ ने पाठवा, चार एमबीचा फोटो बहुतेक वेळा दोन-तीनशे केबीवर येतो. कॅनव्हासमधून गेलेल्या फोटोतली लोकेशन आणि वेळेची माहिती पुसली जाते, ती पुरावा म्हणून हवी असेल तर वेगळी नोंदवा.

लोकेशन: शेठजींना हवं होतं की माल मेडिकलवर पोचला तेव्हाची जागा दिसावी. पहिली रीडिंग बऱ्याचदा लांबची असते, राजवाड्याच्या गल्ल्यांत तर जास्तच. गेट-करंट-पोझिशन एकदाच मारण्यापेक्षा वॉच-पोझिशन (जागा सतत कळवत राहणारं) चालू करा, ॲक्युरसी ३० मीटरच्या आत आली किंवा १५ सेकंद झाले की क्लिअर-वॉचने थांबवा, आणि तोवरची सगळ्यात चांगली रीडिंग घ्या. ॲक्युरसीचा आकडाही सेव्ह करा, नाहीतर २०० मीटरची चूक असलेल्या ठिपक्यावरून डिलिव्हरीवाल्या पोरावर खोटेपणाचा आरोप होतो, आमच्याकडे झाला होता आणि मला फार वाईट वाटलं. स्क्रीन बंद असताना वेब पेजला लोकेशन मिळत नाही, तेव्हा दिवसभराचं ट्रॅकिंग क्लायंटला कबूल करू नका.

तळघरात नेटवर्क नाही हे धरूनच चाला. प्रत्येक नोंदीला फोनमध्येच रँडम-यूयूआयडीने आयडी द्या आणि रांगेत ठेवा, सर्व्हरने तोच आयडी परत आला तर दुसऱ्यांदा नोंद करायची नाही. बॅकग्राउंड सिंक (नेट आलं की मागच्या मागे रांग पाठवणं) क्रोममध्ये आहे, आयफोनवर नाही, तिथे ॲप उघडल्यावर आणि ऑनलाईन इव्हेंटवर रांग पाठवा. सफारी सात दिवस वापरली आणि त्यात आपल्या साईटवर एकदाही हात लागला नाही तर साठवलेला डेटा पुसला जातो, होम स्क्रीनवर टाकलेल्याला ही अडचण नाही, म्हणून आयफोनवाल्यांकडून ते पहिल्याच दिवशी करून घ्या.

सेल्सफोर्सवर (कंपन्यांचे ग्राहक आणि विक्री सांभाळणारं सॉफ्टवेअर) काम करत असाल तर तिथेही घडण हीच. लाइटनिंग वेब कंपोनंटमध्ये मोबाईल-कॅपॅबिलिटीज मॉड्यूलमधून गेट-बारकोड-स्कॅनर, गेट-लोकेशन-सर्व्हिस वगैरे मिळतं, आधी इज-अव्हेलेबल विचारायचं. ते त्यांच्या मोबाईल ॲपच्या आतच ट्रू येतं, डेस्कटॉपच्या किंवा फोनच्याही ब्राउझरमध्ये फॉल्स, त्यामुळे टाईप करायचा बॉक्स तिथेही हवाच. आणि उद्या शेठजींनी आयफोनवरून ब्लूटूथ प्रिंटर मागितला, जो सफारीतून होत नाही, तर हेच वेब ॲप कपॅसिटरमध्ये (वेब ॲपचं फोनचं ॲप बनवणारं टूल) गुंडाळून तेवढ्या कंपोनंटच्या आतला भाग बदलायचा, फॉर्मला हात लावायची गरज नाही.

टेस्टिंगला फोनवरून लॅपटॉपचा आयपी ॲड्रेस एचटीटीपीने उघडला तर कॅमेरा मिळणारच नाही, सिक्युअर कॉन्टेक्स्ट, म्हणजे एचटीटीपीएस किंवा लोकलहोस्ट, लागतो. यूएसबी लावून क्रोमचं पोर्ट फॉरवर्डिंग करा, मग फोनवर लोकलहोस्ट चालतो आणि लोकलहोस्टला परवानगी आहे. आयफोनवरच्या सफारीतले एरर बघायला मॅक लागतो, मित्राचा मागून घ्या. मग फोन घेऊन खरंच खाली गोडाऊनमध्ये जा, नेट बंद करा, डाव्या हातात भरलेलं खोकं धरा आणि उजव्या अंगठ्याने वीस आयटम स्कॅन करून बघा. बटण अंगठ्याला पोचत नसेल तर ते स्क्रीनच्या खालच्या भागात आणा, आमचं वर होतं, ते त्याच दिवशी खाली आणलं.