नैतिक निवाडा भावनेतून आला की विचारातून, हे कसे तपासावे

बहिणीने वडिलोपार्जित जमिनीत वाटा मागितला, की अनेक घरांत एकच निवाडा तत्काळ दिला जातो: 'हे तिला शोभत नाही.' कायदा नेमके उलट सांगतो. महाराष्ट्राने १९९४ मध्ये आणि केंद्राने २००५ मध्ये हिंदू वारसा कायद्यात दुरुस्ती करून मुलीला मुलाच्या बरोबरीने सहदायक, म्हणजे वडिलोपार्जित मालमत्तेत जन्मतः हक्क असलेली वाटेकरी, मानले; तरीही बहिणीकडून हक्कसोडपत्रावर सही घेण्याची रीत टिकून आहे. असा निवाडा मनात उमटला, तर तो कशावर उभा आहे हे पुढीलप्रमाणे तपासता येते.

प्रथम तो निवाडा एका वाक्यात लिहावा आणि कारणे त्याखाली, सुचतील त्या क्रमाने लिहावीत. डेव्हिड ह्यूम या तत्त्वज्ञाने अठराव्या शतकातच असे मांडले होते की, चांगल्यावाइटाचा भेद केवळ तर्कातून निघत नाही, तो मुळात जाणवतो. जोनाथन हाइट या मानसशास्त्रज्ञाने २००१ मध्ये याच दिशेने पुढे जाऊन म्हटले की, निवाडा बहुधा आधी होतो आणि त्याची वकिली करणारी कारणे मागाहून गोळा केली जातात. म्हणून आता एकेक कारण काढून पाहावे. 'तिच्या लग्नात खर्च झाला' असे लिहिले असेल, तर लग्न नोंदणी पद्धतीने, विनाखर्च झाले असते तरी निवाडा तोच राहिला असता का? 'ती आता सासरची झाली' असे लिहिले असेल, तर ती अविवाहित असती तर? कारण काढल्यावरही निवाडा जागचा हलत नसेल, तर त्या कारणाचा त्याला आधार नव्हता, असे समजावे.

'भावाने आईवडिलांना सांभाळले' हे कारण मात्र सहज खोडता येत नाही, आणि खोडूही नये. सेवेचा काही हक्क असतो, असे मला मनापासून वाटते. इथे इमॅन्युएल कांट या तत्त्वज्ञाने १७८५ मध्ये सांगितलेली कसोटी उपयोगी पडते: ज्या नियमाने आपण वागतो, तो सर्वांसाठी नियम व्हावा असे आपल्याला म्हणता येते का? 'ज्याने सांभाळले त्याला अधिक' हा नियम मान्य असेल, तर केवळ सणावारी घरी येणाऱ्या धाकट्या भावालाही तो लावावा, आणि आईच्या आजारपणात महिनोन्‌महिने उशाशी बसलेल्या बहिणीलाही. तसे करताना मन कचरत असेल, तर तो नियम आपण खरोखर मानतच नव्हतो.

एवढ्यानंतरही काही अस्वस्थता उरली, तर तिला बिनबुडाची म्हणून झटकून टाकू नये. एक काल्पनिक प्रसंग पाहावा: भरधाव ट्रॉली रुळावरच्या पाच जणांच्या दिशेने येते आहे. रूळ बदलून ती दुसरीकडे वळवली, तर एक माणूस मरतो आणि पाच वाचतात. हे अनेकांना मान्य होते. पण त्याच पाचांसाठी, ट्रॉली अडावी म्हणून, एखाद्याला पुलावरून तिच्यापुढे ढकलणे बहुतेकांना नकोसे वाटते. जोशुआ ग्रीन हा संशोधक आणि त्याच्या सहकाऱ्यांनी २००१ मध्ये मेंदूच्या प्रतिमा तपासल्या, तेव्हा ढकलण्यासारख्या प्रसंगांत भावनेशी निगडित भाग अधिक सक्रिय दिसले. मेंदूच्या पुढच्या भागातील विशिष्ट ठिकाणी इजा झालेले रुग्ण असे ढकलणे अधिक सहजपणे योग्य ठरवतात, असे २००७ च्या एका अभ्यासात आढळले. भावना क्षीण झाली म्हणून त्यांचा निवाडा अधिक शहाणा ठरतो, असे मानायला मी तयार नाही. ढकलले जाणाऱ्या माणसाला आपण केवळ साधन करतो आहोत, हे भावनेला आधी कळते, असेही असू शकते.

म्हणून उरलेल्या भावनेला विचारावे, की तिला नेमकी कशाची भीती आहे. वाटणीच्या बाबतीत उत्तर बहुधा 'माहेर तुटेल' असे येते. ही भीती खरी आहे, पण ती बहिणीच्या मागणीबद्दल फारसे सांगत नाही. वाटा दिल्यावर तिला भाऊबीजेला बोलावणे कोण थांबवणार आहे, ते सांगते. दोष तिच्या पदरात टाकण्यापूर्वी हे पाहिलेच पाहिजे.

शेवटी, हे सारे एकट्याने करू नये. एकट्याच्या विचारापेक्षा दुसऱ्याने दिलेल्या कारणांनी मत अधिक बदलते, असे हाइट यांनीही मानले आहे. त्यामुळे ज्या बहिणीबद्दल निवाडा आहे, तिचे म्हणणे मध्ये न बोलता पूर्ण ऐकावे आणि सुरुवातीचे वाक्य पुन्हा लिहावे. मात्र हे दुय्यम निबंधक कार्यालयात जाण्याच्या आधी व्हावे, कारण नोंदणी झालेले हक्कसोडपत्र एकतर्फी मागे घेता येत नाही.