अटेस्टेशन फॉर्म अन् माझा जुना दंड

मला ऑटिझम आहे. सरकारी नोकरीचं पत्र आलं, सोबत अटेस्टेशन फॉर्म, म्हणजे पोलीस पडताळणीसाठी स्वतःची माहिती भरून द्यायचा अर्ज. ‘कधी अटक, खटला, दंड?’ या रकान्यावर माझा पेन अडकला. कॉलेजात असताना नागपूरच्या सीताबर्डीवर मोर्चाच्या गोंगाटात मी कान दाबून रस्त्यातच बसलो होतो, त्यात दंड झाला होता. काका म्हणाले, "लिहू नको रे, कोण बघते?"

लिहाच. फॉर्मच्या सुरुवातीलाच छापलंय की माहिती दडवली तर अपात्र. २०१६ च्या अवतार सिंग निकालात सुप्रीम कोर्टानं म्हटलंय, किरकोळ प्रकरण खरं सांगितलं असेल तर त्याचा विचार करून नेमायचं की नाही, हे नोकरी देणारा ठरवू शकतो. मी तारीख, ठाणं, रक्कम लिहिली, पावतीची झेरॉक्स जोडली.

मागच्या पाच वर्षांत जिथं वर्षापेक्षा जास्त राहिलात ते पत्तेही फॉर्ममध्ये विचारतात, ते आधी कच्च्या कागदावर मांडा. धरमपेठेतली खोली मी विसरलोच होतो.

पोलीस पडताळणीला घरी येतात तेव्हा मला नजर भिडवता येत नाही, उत्तर उशिरा सुचतं. दारातच यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र, दाखवलं. हवालदार म्हणाले, "आरामात सांगा." आईनं तोवर चहा टाकला होता.

ऑटिझम म्हणजे गुन्हा नव्हे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात त्याची नोंद आहे.