जुन्या टीव्ही शोमधली अप्रकाशित गाणी: संकलनाच्या कामात नव्यानं येणाऱ्यांसाठी

जुन्या टीव्ही शोमधली गाणी शोधून सीडी-डीव्हीडीसाठी जमवायच्या या कामात सगळ्यात जास्त फसवणारा शब्द म्हणजे ‘अप्रकाशित’. त्याचे निदान तीन अर्थ होतात. रंगीत तालमीत गायलं गेलं पण प्रसारित झालंच नाही, ते एक. प्रसारित झालं, पण तबकडी, सीडी, डीव्हीडीवर कधी आलं नाही, ते दुसरं. आणि बाजारात आलं, पण कापून किंवा वेगळ्याच दिवशीचं, ते तिसरं. गाणं यातल्या कुठल्या खणात बसतं हे ठरल्याशिवाय ते यादीत घालू नका. एवढं एक पाळलं तरी नवख्याच्या यादीतली निम्मी गाणी आपोआप गळतात.

उदाहरणाला ‘द एड सुलिव्हन शो’ घेऊ. अमेरिकेच्या सीबीएस वाहिनीवर 1948 ते 1971, रविवारी, बहुतेक काळ रात्री आठला, न्यूयॉर्कहून. जादूगार, कसरतपटू, विनोदवीर आणि मध्ये गाणी. संकलनासाठी याहून चांगली शाळा नाही, कारण इथं कागद आणि फीत यांचं पटत नाही.

बॉब डिलन 12 मे 1963च्या भागात गाणार होता. निवडलेलं उपरोधिक राजकीय गाणं बदलायला सांगितल्यावर तो निघून गेला आणि कार्यक्रमात दिसलाच नाही. म्हणजे आधी छापलेली पाहुण्यांची यादी पुरावा नव्हे. बो डिडलीनं नोव्हेंबर 1955मध्ये, ठरलेलं दुसऱ्याचं गाणं सोडून, स्वतःचंच गाणं म्हटलं. म्हणजे तालमीची संहिताही पुरावा नव्हे. बीटल्सचं उदाहरण आणखी मजेशीर आहे. 23 फेब्रुवारी 1964ला दाखवलेली त्यांची गाणी चित्रित झाली होती 9 फेब्रुवारीच्या दुपारी, त्यांच्या पहिल्या थेट प्रसारणाच्या काही तास आधी. नोंदीत प्रसारणाची तारीख आणि मुद्रणाची तारीख असे दोन वेगळे रकाने का लागतात, ते इथं कळतं. त्यात कार्यक्रमाचा सूत्रधार सुलिव्हन नावांचा उच्चार चुकवण्याबद्दल प्रसिद्ध. तेव्हा त्यानं जाहीर केलेलं नाव एका रकान्यात, खरं नाव दुसऱ्यात.

पहिले काही महिने तुमच्याकडे हेच काम येईल: नोंदी. एका गाण्याची ओळ साधारण अशी भरते: भाग क्रमांक, दोन्ही तारखा, सुरुवात आणि शेवट तास-मिनिट-सेकंद-फ्रेममध्ये, मूळ माध्यम, प्रत कितव्या पिढीची (मूळ, प्रत की प्रतीची प्रत), जाहीर नाव, खरं नाव, गीतकार, संगीतकार, प्रकाशक, वाद्यवृंद कार्यक्रमाचा की गायकाचा, आवाज थेट की ध्वनिमुद्रित, पूर्ण की तुटका, निवेदन किंवा टाळ्या गाण्यावर चढल्यात का. शेवटच्या रकान्याकडे लोक दुर्लक्ष करतात आणि नंतर पस्तावतात. शेवटच्या सुरावर निवेदक बोलला असेल, तर ऑडिओ सीडीसाठी ते गाणं जवळपास बाद. तासाचा एक भाग नीट नोंदवायला सुरुवातीला चार-पाच तास धरा.

माध्यमं मुख्यतः दोन. जुने भाग किनेस्कोपवर, म्हणजे टीव्हीच्या पडद्यासमोर कॅमेरा ठेवून 16 मिमी फिल्मवर घेतलेले. त्यांचा प्रकाशीय ध्वनी, म्हणजे फिल्मच्या कडेला प्रकाशानं उमटवलेला आवाज, साधारण 6 किलोहर्ट्झच्या वर फारसं काही देत नाही. झांजा बोथट वाटल्या तर दोष तुमच्या यंत्राचा नाही. नंतरचे भाग दोन इंची क्वाड्रुप्लेक्स फितीवर, म्हणजे चार फिरत्या हेडनी लिहिल्या-वाचल्या जाणाऱ्या जुन्या व्हिडिओ फितीवर. ती सेकंदाला 15 इंच धावते, 4800 फुटांचं रीळ 64 मिनिटं चालतं, आणि आवाज फिल्मपेक्षा कितीतरी उघडा येतो. चित्रात दर चौथी आडवी पट्टी खराब दिसली, तर चार हेडपैकी एक तुंबलंय. फीत थांबवा, हेड पुसा, मगच पुढं. तसंच चालू ठेवलं तर सुटलेली भुकटी फितीवरच घासते. फिल्मच्या डब्याला व्हिनेगरसारखा वास आला, तर तो डबा लगेच बाकीच्यांपासून वेगळा ठेवा.

उतरवून घेताना हात आखडू नका. चित्र 10 बिट, संपीडन न करता, म्हणजे तासाला साधारण 100 जीबी. ध्वनी 96 किलोहर्ट्झ, 24 बिट. मोनो असेल तर तासाला जेमतेम 1 जीबी. फाइल तयार झाल्याक्षणी चेकसम (फाइल पुढं बदलली का ते दाखवणारा आकडा) काढून नोंदीत टाका. मूळ फाइलवर कधीही काम करायचं नाही, नेहमी प्रतीवर.

आता वेग. गाण्याची पट्टी चुकलेली सीडी बाजारात गेली की परत बोलावता येत नाही, म्हणून याला वेळ द्या. अमेरिकेत वीज 60 हर्ट्झची. जुन्या मुद्रणात तिची घरघर हटकून असते, आणि तीच तुमची मोजपट्टी. स्पेक्ट्रम, म्हणजे आवाजातल्या कंपनसंख्यांचा आलेख, काढा. घरघर 60ऐवजी 59.4वर दिसली, तर फीत 1 टक्का मंद आहे, म्हणजे सूर सुमारे 17 सेंट उतरलेला (100 सेंट म्हणजे पेटीवरच्या लगतच्या दोन पट्ट्यांमधलं अंतर). फक्त एक खोच आहे: प्रत काढताना दुसऱ्या यंत्राची घरघरही मिसळते. दोन रेषा दिसल्या तर कुठली मूळची ते वाद्यांच्या सुरावरून ठरवा. ऑर्गन किंवा व्हायब्राफोन (धातूच्या पट्ट्यांचं वाद्य) मिळाला तर उत्तम. गिटारवर विसंबू नका, ती कानानं लावलेली असते.

भारतातून काम करणाऱ्यांना आणखी एक सापळा. किनेस्कोप सेकंदाला 24 फ्रेमचा, आपली टीव्हीची पाल पद्धत 25ची. कुणी सरळ 25वर चालवून प्रत काढली असेल, तर गाणं 4 टक्क्यांहून थोडं जास्त पळतं आणि सूर 70 सेंट चढतो. पेटीवर धरून पाहिलंत तर गाणं ना काळी एकमध्ये बसतं ना पांढरी दोनमध्ये, मधेच कुठंतरी लोंबकळतं. असं झालं की आधी प्रतीचा इतिहास विचारा, मग सॉफ्टवेअर उघडा.

गाणं थेट की ध्वनिमुद्रित हे ओठ बघून ठरवू नका. टीव्हीसाठीचा आवाज आणि त्याच गाण्याची बाजारातली ध्वनिमुद्रिका, दोन्ही मोनो करून एकाच सॅम्पल दरावर आणा. स्नेअर ड्रमच्या पहिल्या ठोक्यावर जुळवा, एकाची ध्रुवता उलटी करा (म्हणजे ध्वनिलहर खाली-वर उलटा) आणि बेरीज ऐका. साथ विरली आणि फक्त गळा उरला, तर साथ तबकडीवरची, गायन थेट. सुलिव्हनच्या मंचावर हा प्रकारही होता. बहुतेकदा पूर्ण विरत नाही, कारण फितीचा वेग डुलतो. दोनतीन सेकंद आवाज बसतो आणि मग विमान डोक्यावरून गेल्यासारखी सरकती सळसळ येते. ती सळसळ हाच पुरावा आहे. वेगवेगळ्या दिवशी वाजवलेल्या दोन सादरीकरणांतून ती कधीच येत नाही. उलट, काहीच विरलं नाही म्हणून लगेच ‘थेट’ लिहू नका. ध्वनिमुद्रिका कंपनीनं टीव्हीसाठी साथीचं वेगळं मिश्रण पाठवलेलं असू शकतं. तेव्हा वीसेक आवर्तनांतल्या ड्रमच्या ठोक्यांची अंतरं मोजून दोन्ही मुद्रणांत जुळतात का ते पाहा.

साफसफाई थोडक्यात: आधी खटके, मग घरघर, मग सरसर, आणि ती एका वेळी 4 ते 6 डेसिबलपेक्षा जास्त नाही. गळा पाण्याखालून आल्यासारखा वाटला की दोन पावलं मागं या. मोनोचं कृत्रिम स्टिरिओ करू नये, हे आमचं ठाम मत.

हक्क हा खरा डोंगर. फीत ज्याची, गाणं त्याचं, असं नसतं. सुलिव्हनचा संग्रह 1990मध्ये निर्माते अँड्र्यू सोल्ट यांच्या सोफा एंटरटेनमेंट कंपनीनं विकत घेतला. पण एखादं गाणं बाहेर काढायचं तर गाण्याच्या प्रकाशकाची परवानगी, गायक आणि त्याला करारानं बांधलेल्या ध्वनिमुद्रिका कंपनीची संमती, वादक संघटनेची देणी, असं सगळं वेगळं उभं राहतं. मेडलीपासून, म्हणजे एकात एक गुंफलेल्या गाण्यांच्या मालिकेपासून, सावध. चार मिनिटांत पाच गाणी म्हणजे पाच प्रकाशक, आणि एकानं नाही म्हटलं की सगळी मेडली पडते. मधलं कडवं कापून ती वाचत नाही. बोल बदललेलं गाणंही आधीच कळवा. जानेवारी 1967मध्ये रोलिंग स्टोन्सना एक ओळ बदलून गायला लावली होती. श्रोत्यांना अशा गोष्टींचंच आकर्षण, आणि गीतकाराला तीच नकोशी असू शकते.

इकडे शिकायचं तर मुंबईच्या फिल्म हेरिटेज फाउंडेशनच्या कार्यशाळांवर लक्ष ठेवा. 2015पासून त्या होतात आणि फिल्म हाताळणं तिथं हातानं शिकवतात. दूरदर्शनचं मुंबई केंद्र 1972चं; तशा जुन्या फितींवर सराव करायलाही हेच गणित चालतं. फक्त घरघर 50 हर्ट्झवर शोधा, आणि यू-मॅटिक या जुन्या व्हिडिओ पद्धतीच्या कॅसेटवर पांढरी बुरशी दिसली तर ती यंत्रात घालू नका. एका कॅसेटची बुरशी हेडवरून पुढच्या दहा कॅसेटना लागते. संकलनाच्या कामासाठी अर्ज करताना बायोडेटासोबत तुम्ही स्वतः भरलेला एका भागाचा नोंदतक्ता जोडा, फ्रेमपर्यंत अचूक.