नवी अ‍ॅसिड रेकॉर्ड सुईखाली ठेवण्याआधी

अ‍ॅसिड म्हणजे अ‍ॅसिड हाऊस, हा नाचाच्या इलेक्ट्रॉनिक संगीताचा प्रकार. छोट्या लेबलांच्या बारा इंची रेकॉर्ड बहुतेकदा 300 ते 500च निघतात, म्हणून आल्या दिवशीच तपासा. वाकली आहे का ते फिरवून कडेने बघा: सुईचा दांडा किंचित वरखाली झाला तर चालतं, सुई उडाली तर विक्रेत्याला लगेच कळवा. नव्या रेकॉर्डच्या खाचांतही पाकिटाच्या कागदाचा भुसा असतो. फिरत्या तबकडीवर कार्बन फायबरचा ब्रश दोन-तीन फेरे टेकवा.

मग सुईचं वजन, आणि इथे घाई नको. अँटीस्केट (दांड्याची आत ओढली जाण्याची ओढ तोलणारं बटण) 0 वर ठेवा. मागचं वजन फिरवत दांडा हवेत आडवा तरंगू द्या, फक्त आकड्यांची रिंग 0 वर आणा, मग दोन्ही एकत्र फिरवून 3 ग्रॅम करा (ऑर्टोफॉन कॉन्कॉर्ड मिक्स या कार्ट्रिजसाठी, म्हणजे सुई बसवलेल्या भागासाठी). अँटीस्केटही 3. वजन कमी ठेवल्याने रेकॉर्ड वाचत नाही: हलकी सुई खाचेच्या भिंतींवर आपटते, 303चा (अ‍ॅसिडमधल्या रोलँड TB-303 बेस सिंथेसायझरचा) किंचाळता सूर चरचरतो आणि खाच कायमची झिजते.

वेग छापलेला नसेल तर 33 वर लावून किक (बेस ड्रमचे ठोके) मोजा. मिनिटाला 93च्या आसपास भरली तर रेकॉर्ड 45ची आहे. 45 वर ती 125 होईल.

फक्त शेवटच्या ट्रॅकला चरचर येत असेल तर आधी सुई मागून पुढे पुसा. तरीही राहिली तर दोष बहुधा कटिंगचा, म्हणजे खाच कोरण्याचा: मध्याकडे खाचेचा वेग घटतो, तिथे तीव्र सूर नीट मावत नाहीत.