पावडर कोटिंगची गन हाती घेण्यापूर्वी

साकीनाका, भांडुप किंवा कांदिवलीच्या चारकोप भागातल्या औद्योगिक वसाहतींत पावडर कोटिंगचे, म्हणजे रंगाची कोरडी पावडर विद्युतभार देऊन धातूवर फवारण्याचे आणि ओव्हनमध्ये भाजून पक्की करण्याचे, काम साधारण एकाच साच्याने चालते. एक बूथ, एक हातगन, बाजूला ओव्हन आणि उरलेल्या जागेत आलेला आणि जायचा माल, एवढा पसारा एका गाळ्यात कसाबसा मावलेला असतो आणि सकाळी कंप्रेसरने हवा धरली की पहिला जॉब, म्हणजे रंगवायची वस्तू, टांगण्याची घाई सुरू होते. पुढील तयारी त्या घाईच्या आधीच्या अर्ध्या तासात करावयाची आहे. ती कोरोना पद्धतीच्या, म्हणजे टोकावरच्या उच्च विद्युतदाबाने पावडरीला भार देणाऱ्या, हातगनसाठी लिहिली आहे. अशा गनच्या टोकाशी १०० किलोव्होल्टपर्यंत दाब चढतो, प्रवाह मात्र १०० मायक्रोअँपिअरच्या आसपासच राहतो. प्रवाह इतका कमी असल्यामुळे चांगल्या स्थितीतल्या गनचा झटका सहसा जिवावर बेतत नाही. खरा धोका अर्थिंग नसलेल्या धातूतून किंवा माणसाच्या अंगातून उडणाऱ्या ठिणगीचा आहे, कारण ती ठिणगी हवेत तरंगणाऱ्या पावडरीला पेटवू शकते.

म्हणून सुरुवात अर्थिंगपासून करावी, आणि तीही अर्थिंगची पट्टी जिथे जमिनीत उतरते त्या खड्ड्यापासून नव्हे, तर जॉबच्या हुकापासून. अर्थिंग म्हटले की इलेक्ट्रिशियनने वर्षातून एकदा तपासावयाची गोष्ट अशी समजूत सर्रास आढळते. जमिनीतल्या खड्ड्यापुरती ती ठीक आहे. परंतु जॉब ज्या हुकाला लटकतो, तो हूक प्रत्येक फेरीत जॉबबरोबर पावडर खातो, ओव्हनमध्ये जाऊन पक्का भाजला जातो आणि पुढच्या फेरीला वीजरोधक आवरण घालूनच परत येतो. म्हणजे आपण जे काम करतो तेच काम आपले अर्थिंग दररोज थोडे थोडे तोडत असते. मी पूर्वी ज्या गाळ्यात काम पाहत असे तेथे एका जानेवारीत हेल्परने तक्रार केली की जॉब उतरवताना बोटाला चटका बसतो. खड्डा तपासला, पट्टी तपासली, दोन्ही चोख निघाले. शेवटी एका हुकाचा वळसा कानशीने तिरका घासला, तेव्हा काळा, हस्तिदंती, पुन्हा काळा आणि तळाशी बेस्टच्या बसचा असतो तसा लाल, असे थर कांद्याच्या पापुद्र्यांसारखे एकावर एक दिसले. धातू त्याखाली होता. तो हूक पावसाळाभर तसाच चालला असावा, कारण दमट हवेत पृष्ठभागावरून विद्युतभार झिरपून जातो आणि दोष लपतो. हवा कोरडी झाली की तोच दोष बोटाला कळतो.

तेव्हा प्रत्येक पाळीच्या आधी हुकाच्या दोन जागा पाहाव्यात, एक जिथे तो ट्रॉलीच्या किंवा कन्व्हेयरच्या दांडीवर बसतो आणि दुसरी जिथे जॉब त्याच्यावर बसतो. दोन्ही ठिकाणी चकाकता धातू उघडा दिसला पाहिजे, आणि शक्यतो हुकाची कड टोकदार असावी, म्हणजे जॉबच्या वजनानेच ती कड उरलासुरला थर कापून आत रुतते. ट्रॉलीच्या दांडीवरही तोच थर साचतो, ही बाब बहुधा विसरली जाते. नजरेने खात्री पटत नसेल तर, आणि आठवड्यातून एकदा तरी, गन बंद ठेवून ५०० किंवा १००० व्होल्टच्या मेगरने (उच्च दाबावर रोध मोजणाऱ्या यंत्राने) टांगलेल्या जॉबपासून अर्थच्या मुख्य पट्टीपर्यंतचा रोध मोजावा. तो १ मेगाओहमच्या आत असला पाहिजे. साध्या मल्टिमीटरवर भिस्त ठेवू नये. त्याच्या तुटपुंज्या दाबावर घेतलेले माप कोटिंगच्या पातळ थराबाबत दिशाभूल करू शकते. खड्ड्याच्या चाचणीचा कागद आणि हे माप या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि पहिला फाइलमध्ये आहे म्हणून दुसरे टाळता येत नाही.

खड्ड्याकडेही लक्ष हवेच. समुद्राच्या खाऱ्या हवेने पट्टीच्या जोडावरचे नट-बोल्ट गंजतात, आणि वरच्या मजल्यावरच्या गाळ्यात खालपर्यंत गेलेली पट्टी मध्येच कोणीतरी रंगाच्या कामात सोडवून ठेवलेली आढळू शकते. जोड घट्ट आहेत, पट्टी सलग आहे आणि उन्हाळ्यात खड्ड्यात पाणी घातले जाते आहे, एवढे पाहावे. बाकी तपशिलासाठी आयएस ३०४३ हे भारतीय मानक इलेक्ट्रिशियनच्या हाती असावे. नळाच्या पाइपला अर्थिंग जोडण्याची जुनी सवय सोडावी, कारण मधला तुकडा केव्हा प्लॅस्टिकचा झाला हे आपल्याला कळत नाही. बूथचे पत्रे, पावडर भरण्याचा हॉपर, कंट्रोल युनिट, उडालेली पावडर परत गोळा करणारा रीकव्हरीचा सायक्लोन आणि फवारणीच्या टापूतली प्रत्येक धातूची वस्तू त्याच पट्टीला जोडलेली असावी. लोखंडी स्टूल, रिकामा डबा, कोणीतरी टेकवून ठेवलेली नळी, हे सुटे धातू बूथजवळून हलवावेत.

यानंतर पाळी गन चालवणाऱ्याची. जॉब अर्थ झाला आणि माणूस झाला नाही, तर भार माणसावर साचतो. माणसाच्या शरीराची विद्युत धारिता, म्हणजे भार साठवण्याची क्षमता, साधारण १५० पिकोफॅरड धरली आणि त्यावर १०,००० व्होल्ट चढले असे मानले, तर ठिणगीत साडेसात मिलिज्यूल ऊर्जा उतरते. आणि कोटिंगच्या पावडरीचा ढग पेटायला काही मिलिज्यूलही पुरे होऊ शकतात. त्यामुळे अँटिस्टॅटिक बूट घालावेत, ज्यांचा रोध १०० मेगाओहमच्या आत असतो. रबरी गमबूट, प्लॅस्टिकच्या चपला आणि जाड रबरी मॅट यांना बूथसमोर जागा नाही. पाय मळू नयेत म्हणून उभे राहण्याच्या जागी पुठ्ठा अंथरण्याची रीत मी अनेक गाळ्यांत पाहिली आहे; फरशीवर तो निरुपद्रवी दिसतो, पण कोरडा पुठ्ठा आणि त्यावर पसरलेली पावडर मिळून माणसाला जमिनीपासून तोडतात, म्हणून तो रोज सकाळी उचलून टाकावा, आणि दुपारी पुन्हा अंथरला गेला नाही ना, हेही पाहावे. गनच्या मुठीला उघड्या हाताचा स्पर्श हवा. हातमोजे घालावयाचेच असतील तर ते अँटिस्टॅटिक असावेत, नाहीतर तळव्याचा भाग कापून टाकावा. किल्ल्या, अंगठी, कडे, मोबाइल आणि लायटर खिशातून व अंगावरून काढून कपाटात ठेवावे. हृदयात पेसमेकर बसवलेल्या व्यक्तीने गन चालवू नये आणि चालू बूथजवळ उभेही राहू नये. नवीन माणूस कामावर घेताना हा प्रश्न संकोच न करता विचारावा.

मास्क बारीक धूळ अडवणाऱ्या एफएफपी२ दर्जाचा तरी असावा आणि तो दाढीच्या खुंटांवरून न उचलता चेहऱ्याला घट्ट बसावा. पावडरच्या खोक्यासोबत येणारे सुरक्षा माहितीपत्रक वाचून पावडरीत टीजीआयसी हा ती पक्की करणारा घटक आहे का, हे नोंदवून ठेवावे. हा घटक युरोपात जनुकांना इजा करणारा म्हणून वर्गीकृत आहे आणि त्याशिवायच्या पॉलिस्टर पावडरी बाजारात उपलब्ध आहेत. निवड आपल्या हाती असेल तर त्याच मागवाव्यात. कामाचे कपडे घरी नेऊ नयेत आणि अंगावरची पावडर कंप्रेसरच्या हवेने झटकू नये. ही दुसरी सवय मोडणे सर्वांत अवघड, हे अनुभवाने सांगतो.

बूथच्या पंख्याची परीक्षा पहिल्या जॉबच्या आधी घ्यावी, आणि ती कशासाठी, हे एका साध्या हिशेबाने कळते. दीड मीटर रुंद, दोन मीटर उंच आणि दीड मीटर खोल बूथ धरला तर आत साडेचार घनमीटर हवा असते. पावडरची स्फोटक मर्यादा माहीत नसेल तेव्हा ती घनमीटरला २० ग्रॅम धरून त्याच्या निम्म्यावर, म्हणजे १० ग्रॅमवर, आपली मर्यादा ठेवण्याचा प्रघात आहे. गन मिनिटाला २०० ग्रॅम पावडर फेकत असेल आणि पंखा बंद असेल, तर सगळी पावडर हवेतच राहिली असे मानल्यास ही मर्यादा सुमारे १४ सेकंदांत गाठली जाते. निम्मी पावडर जॉबवर बसली असे धरले तरी अर्धे मिनिटही मिळत नाही. उलट, तोंडाशी हवा सेकंदाला अर्धा मीटर या वेगाने आत ओढली जात असेल, तर त्याच बूथमधून मिनिटाला ९० घनमीटर हवा जाते आणि प्रमाण सव्वादोन ग्रॅमच्या आसपास राहते. म्हणून पंखा बंद असताना गन चालूच होऊ नये अशी इंटरलॉकची जोडणी असावी आणि ती दररोज तपासावी: गन मोकळ्या बूथकडे धरावी, पावडर बंद ठेवावी, पंखा बंद करावा आणि ट्रिगर दाबून पॅनेलवर किलोव्होल्टचा आकडा चढत नाही ना, हे पाहावे. उत्पादन थांबते म्हणून इंटरलॉकच्या दोन तारा एकत्र पिळून ठेवलेल्या आढळल्या, तर त्या दिवशी काम सुरू करू नये. तोंडाशी हवेचा वेग मोजणारा एनिमोमीटर लावता आला तर उत्तम. नसेल तर वरच्या कडेला बांधलेला लोकरीचा धागा आत खेचला जातो की नुसता हलतो, एवढे तरी पाहावे. फिल्टरचा दाबमापक नेहमीच्या आकड्यापेक्षा वर गेला असेल, तर कार्ट्रिज साफ केल्यावरच सुरुवात करावी.

बूथच्या बाहेर साचलेली पावडर ही वेगळी चिंता आहे. ट्यूबलाइटच्या पट्टीवर, केबल ट्रेवर आणि छताच्या अँगलवर बसलेला पातळ थर पहिल्या छोट्या भडक्याने हवेत उडतो आणि दुसरा भडका मोठा होतो. झाडू किंवा केरसुणीने तो उडवू नये. स्फोटक धुळीसाठी बनवलेल्या व्हॅक्यूम क्लीनरने ओढावा. १९४८च्या कारखाने अधिनियमाचे कलम ३७ अशाच ज्वालाग्राही धुळीविषयी होते, आणि धूळ साचू न देणे ही त्यातल्या अपेक्षांपैकी एक होती. थिनरचे डबे आणि पुसण्याच्या चिंध्या झाकणाच्या लोखंडी डब्यात, बूथपासून दूर असाव्यात. शेजारच्या गाळ्यात गॅस वेल्डिंग किंवा ग्राइंडिंग चालणार असेल, तर त्यांची वेळ आधी विचारून घ्यावी. दसऱ्याला यंत्रांना हार घालून हळदीकुंकू वाहण्याबद्दल कोणाचीच हरकत नसावी, परंतु उदबत्ती आणि निरांजन बूथपाशी न लावता ऑफिसातल्या तसबिरीसमोर लावावे. हे आदल्या दिवशीच सांगितले तर कोणाचे मन दुखावत नाही.

हवेची तयारी मुंबईत ऋतूप्रमाणे बदलते. जून ते सप्टेंबरमध्ये कंप्रेसरच्या टाकीत आणि हवा गाळणाऱ्या एफआरएलच्या वाटीत पाणी झपाट्याने साचते, म्हणून ड्रेन सकाळी आणि दुपारी असा दोनदा उघडावा, आणि नळीचे टोक पांढऱ्या कागदावर धरून पाणी वा तेलाचा डाग पडतो का, हे पाहावे. ओली हवा पावडरीचे गोळे करते, गन थुंकू लागते, आणि मग चालवणारा नोझल हाताने साफ करण्याच्या मोहात पडतो. त्या मोहासाठी नियम एकच: आधी पॅनेलवरून विजेचा दाब बंद करावा, मग इलेक्ट्रोडचे टोक अर्थला टेकवावे, त्यानंतरच नोझलला हात लावावा. गनची केबल आणि मागची पावडरची नळी बोटांतून सरकवत कुठे चीर, काप किंवा गाठ आहे का, ते बघावे. मेटॅलिक शेड असेल तर ती बाँडेड प्रकारची, म्हणजे धातूची भुकटी पावडरीच्या कणांना चिकटवलेली, आहे ना, याची पुरवठादाराकडून खात्री करून घ्यावी, कारण नुसती मिसळलेली धातूची भुकटी गनच्या आतच वाट करून दाब उतरवू शकते.

ओव्हनबद्दल थोडक्यात सांगायचे तर, गॅसचा किंवा डिझेलचा बर्नर पेटवण्यापूर्वी पंखा चालवून आतली हवा बदलून घ्यावी, आणि तापमान १८० ते २०० अंश सेल्सिअसवर स्थिरावेपर्यंत दारातून माल आत ढकलू नये.

अग्निशामक नळकांडी बूथच्या मागे नव्हे, तर बाहेर पडण्याच्या वाटेवर हवीत, आणि त्या वाटेवर आलेल्या मालाचे गठ्ठे नसावेत. झोत मारताना तो साचलेल्या पावडरीवर जोराने मारू नये, नाहीतर आपणच ढग उठवतो. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ प्रमाणे जानेवारी आणि जुलैमध्ये, आगीपासून संरक्षणाची यंत्रणा सुस्थितीत असल्याचे परवानाधारक संस्थेचे प्रमाणपत्र द्यावे लागते. त्याची प्रत पॅनेलशेजारी लावावी आणि तिच्याखाली १०१ हा अग्निशमन दलाचा क्रमांक मराठीत व हिंदीत मोठ्या अक्षरांत लिहावा. हेल्पर नवा असेल तर आपत्कालीन बटण त्याला नुसते दाखवू नये, त्याच्याकडून एकदा दाबून घ्यावे.

एवढे झाल्यावर सुरू करण्याचा क्रम असा ठेवावा: प्रथम पंखा, मग हवा, मग पॅनेल, आणि शेवटी गन. पहिला जॉब चाचणीचा समजावा. खोलगट कोपऱ्यात पावडर जात नसेल तर विजेचा दाब वाढवू नये, कमी करावा. जास्त दाबाने पावडर कडांवरच ओढली जाते. पावडर जॉबच्या मागच्या बाजूला वळत नसेल, नेहमीपेक्षा जास्त खाली गळत असेल किंवा हुकापाशी टिकटिक ऐकू येत असेल, तर सेटिंगला हात न लावता हूक काढून पाहावा.

पाळी संपताना क्रम उलटा: आधी गन, मग पॅनेल, मग हवा, आणि पंखा त्यानंतरही काही मिनिटे चालू ठेवावा. रंग चढलेले हूक त्याच संध्याकाळी वेगळ्या ट्रेमध्ये टाकून भट्टीला किंवा घासायला द्यावेत, आणि साफ झालेले हूक, दुसऱ्या दिवशीच्या जॉबइतके मोजून, बूथशेजारच्या खिळ्यावर टांगून ठेवावेत. सकाळी तो खिळा रिकामा दिसला तर कंप्रेसर सुरू करू नये.