चर्चच्या हॉलमध्ये गावच्या प्रश्नांवर कार्यक्रम ठेवताय? मग या चुका टाळा

वसईत चर्चने गावच्या प्रश्नांवर बोलणं अजिबात नवीन नाही. फादर फ्रान्सिस दिब्रिटोंच्या पुढाकाराने हरित वसई संरक्षण समिती उभी राहिली, टँकरने होणारा विहिरींचा उपसा आणि शेतजमिनीवर येणारी बांधकामं याविरोधात लोकं रस्त्यावर उतरली, हे सगळं आपल्या आईवडिलांच्या पिढीने बघितलंय. म्हणूनच आज एखाद्या धर्मग्रामात (म्हणजे एका चर्चच्या हद्दीतल्या वस्तीत) व्याख्यान ठेवलं आणि मागच्या सगळ्या खुर्च्या रिकाम्या दिसल्या की जीवाला लागतं. मग लोकांना काही पडलेलीच नाही असं म्हणून आपण मोकळे होतो, पण बऱ्याचदा चूक आखणीतच असते.

विषय आभाळाएवढा घेणे

ही सगळ्यात मोठी चूक. 'हवामान बदल आणि आपली जबाबदारी' असा फ्लेक्स लागतो, त्यावर पोप फ्रान्सिस यांच्या 2015 च्या 'लाउदातो सी' या पर्यावरणावरच्या परिपत्रातले उतारे पाऊण तास वाचून दाखवले जातात आणि लोकं घड्याळ बघत बसतात. परिपत्र चांगलंच आहे हो, पण ते ऐकून घरी जाणाऱ्या माणसाला उद्या सकाळी काय करायचं ते कळत नाही.

त्यापेक्षा चालत जाऊन बघता येईल असा विषय घ्या. उदाहरणार्थ बावखलं. वसईबाहेरच्यांसाठी सांगतो, बावखल म्हणजे वाडीत खोदलेलं छोटं तळं, पावसाचं पाणी त्यात साठतं, हळूहळू जमिनीत मुरतं आणि आजूबाजूच्या विहिरी गोड राहतात, समुद्र एवढा जवळ असून खारं पाणी आत सरकत नाही ते बऱ्याच अंशी यामुळेच. केळी, पानवेली, फुलं, भाजी सगळं या पाण्यावर. आता कितीतरी बुजवली गेली, आणि जुलै 2018 मध्ये वसई-विरार पाण्याखाली गेलं तेव्हा पाण्याला थांबायला जागाच उरली नाही हे सगळ्यांनी डोळ्यांनी बघितलं (कारणं बाकीही होती, पण हे त्यातलं एक होतंच).

मग करायचं काय, तर भूमी अभिलेख कार्यालयातून गावाचा नकाशा मिळवा, मोठा प्रिंट काढून हॉलच्या भिंतीवर लावा आणि म्हाताऱ्या माणसांच्या हातात स्केचपेन द्या. कुणाच्या वाडीत बावखल होतं, कुठला नाला कुठून खाडीला मिळायचा, रहाट कुठे चालायचा हे ते एकेक करून दाखवतात आणि जी बाई कार्यक्रमात तोंड उघडत नाही तीसुद्धा उठून सांगते की नाही नाही, ते इकडे नव्हतं, चिंचेच्या पलीकडे होतं. व्याख्यात्याने नंतर वीस मिनिटं बोललं तरी पुरतं.

बोट दाखवणे

इथे मात्र जपून. बरीच बावखलं खासगी वाडीत आहेत, म्हणजे ज्याने बुजवलं तो तिसऱ्या रांगेत बसलेला असतो. माइकवरून त्याचा उल्लेख झाला की तो पुन्हा येणार नाही, त्याची अख्खी आळी येणार नाही. त्याने का बुजवलं ते विचारा, गाळ काढायचा खर्च, डास, भावाभावांतल्या वाटण्या, जमिनीचे भाव, यातलं काहीतरी निघतंच आणि खरी चर्चा तिथूनच सुरू होते. दारूच्या विषयालाही हाच नियम लावा, त्यात तर घरातल्या बायका आणि मुलं समोर बसलेली असतात.

घोषणा फक्त मिस्सानंतर (चर्चमधल्या उपासनेनंतर) करणे

पाणी वाडवळांच्या विहिरीत वेगळं आणि ख्रिस्ती विहिरीत वेगळं नसतं. सामवेदी, भंडारी, आगरी, कोळी, आदिवासी पाड्यावरची माणसं, चाळीत भाड्याने राहणारी कुटुंबं, सगळ्यांचा तोच प्रश्न. पण निरोप चर्चमध्येच दिला तर ती येणार कशी? देवळाच्या ट्रस्टींना, महिला बचत गटांना स्वतः जाऊन भेटा, शक्य असेल तर शाळेच्या किंवा समाजमंदिराच्या हॉलमध्ये ठेवा. सुरुवातीला लांबलचक प्रार्थना नको, दोन मिनिटं शांत उभं राहिलं तरी चालतं.

वेळ न बघणे

रविवारी सकाळी साडेनऊला ठेवलं की स्वयंपाकाच्या गडबडीतल्या बायका येत नाहीत, आणि रात्री साडेनऊला ठेवलं तर पहाटेच्या गाडीने फुलं, भाजी घेऊन मुंबईला जाणाऱ्या येत नाहीत. म्हणजे पाण्याबद्दल ज्यांना सगळ्यात जास्त कळतं त्याच बाहेर. तारीख ठरवण्याआधी त्यांनाच विचारा.

स्टेजवर नेते बसवणे

अध्यक्ष, प्रमुख पाहुणे, शाल, श्रीफळ यात अर्धा तास जातो आणि वसई-विरार महापालिकेत गावं हवीत की नकोत हा 2009 पासूनचा वाद कधी पेटेल सांगता येत नाही. नेत्यांना जरूर बोलवा पण खाली, लोकांमध्ये बसवा. प्रश्न चिठ्ठीवर घ्या, भांडण कमी होतं आणि लाजणारी माणसंही विचारतात.

चहा पिऊन पांगणे

कार्यक्रम संपायच्या आत एक अर्ज तयार पाहिजे, एकाच गोष्टीचा, म्हणजे अमुक नाल्यावरचा भराव काढा एवढंच. तिथेच वाचून दाखवा, सह्या घ्या, कोण नेऊन देणार त्याचं नाव सगळ्यांसमोर ठरवा. ऑफिसात दिल्यावर आपल्या प्रतीवर आवक क्रमांक आणि शिक्का घेतल्याशिवाय निघू नका, नाहीतर पुढच्या वेळी अर्ज मिळालाच नाही असं ऐकायला लागतं. उत्तर आलंच नाही तर माहितीच्या अधिकारात अर्ज टाका, 10 रुपये फी आणि साधारण 30 दिवसांची मुदत. आणि त्या अर्जाचं काय झालं हे पुढच्या कार्यक्रमात पहिल्या पाच मिनिटांत सांगा, काहीच झालं नसेल तर तेही सांगा.