चक्कर ओसरेल, पण पूर्ववत कधी? तोलाच्या नसेला सूज आल्यावर बरे होण्याचा अंदाज कसा बांधावा

अचानक गरगर सुरू होते, उलट्या होतात, कूस बदलणेही नको वाटते. ऐकू मात्र नीट येते. व्हेस्टिब्युलर न्यूरायटिसचा, म्हणजे आतल्या कानाकडून तोलाचे संदेश नेणाऱ्या नसेच्या सुजेचा हा रुग्ण दोन-तीन दिवसांनी जरा सावरला की घरचे विचारतात, "पूर्ण बरे कधी होणार?" फिजिओथेरपिस्ट आणि तरुण डॉक्टरांना याचे नेमके उत्तर देता यावे, म्हणून ही पद्धत.

बहुतेक ठिकाणी कॅलोरिक चाचणीतला टक्का बघून उत्तर दिले जाते. कानात ३० आणि ४४ अंश सेल्सियसचे पाणी सोडून दोन्ही बाजूंची तुलना करतात आणि साधारण २५ टक्क्यांहून जास्त फरक असला की एक बाजू कमजोर धरतात. निदानाला हा आकडा मोलाचा आहे, अंदाजाला फारसा नाही. कानाचे नुकसान सारखेच राहिलेल्या दोन रुग्णांपैकी एक सहा महिन्यांनी स्कूटर चालवतो आणि दुसरा भिंतीला हात लावून चालतो. फरक पडतो तो मेंदू उरलेल्या संदेशांशी किती जुळवून घेतो यामुळे. अंदाज बांधायचा तो या जुळवणीचा.

आधी निदान पक्के करा

लहान मेंदूचा किंवा मेंदूच्या देठाचा झटका (स्ट्रोक) हुबेहूब असाच दिसू शकतो. सतत गरगर चालू असताना तीन गोष्टी तपासा. डोके झटकन वळवल्यावर नजर लक्ष्यावरून सुटून मागाहून उडी मारून परत येते का? निस्टॅग्मस, म्हणजे डोळ्यांची थरथर, एकाच दिशेची आहे का? एकेक डोळा आळीपाळीने झाकताना उघडा झालेला डोळा वर-खाली सरकतो का? नजर सुटत नसेल, थरथरीची दिशा बदलत असेल किंवा डोळा वर-खाली सरकत असेल, तर झटका समजून लगेच मोठ्या रुग्णालयात पाठवा. एका कानाने नव्याने ऐकू येईनासे झाले असेल किंवा आधाराशिवाय बसताही येत नसेल तरीही तेच. सुरुवातीचा सीटी स्कॅन निर्दोष आला म्हणून निर्धास्त होऊ नका. मेंदूच्या मागच्या भागातला ताजा झटका त्यात बऱ्याचदा दिसत नाही आणि पहिल्या एक-दोन दिवसांत एमआरआयमध्येही निसटू शकतो.

पहिला आठवडा

फ्रेन्झेल चष्मा, म्हणजे नजर रोखू न देणारा जाड भिंगांचा चष्मा, रुग्णाला लावून थरथर बघा. साध्या उजेडात रुग्ण नजर रोखून ती दाबतो, त्यामुळे ती आहे त्याहून कमी दिसते. थरथर तिन्ही दिशांना (डावीकडे, समोर, उजवीकडे) बघताना दिसली तर तिसरी पायरी, समोर आणि जलद उडीच्या (डोळा ज्या बाजूला झटकन उडतो त्या) दिशेने बघताना दिसली तर दुसरी, फक्त जलद उडीच्या दिशेने दिसली तर पहिली. रोज नोंद ठेवा. काही दिवसांत तिसरीवरून पहिलीवर येणे ही नेहमीची वाटचाल आहे. कान सुधारला नाही तरी ही थरथर ओसरते, कारण मेंदूच्या देठातली दोन्ही बाजूंची तफावत भरून येते. म्हणून घरच्यांना सांगताना दोन गोष्टी वेगळ्या करा: पडल्या पडल्या होणारी गरगर काही दिवसांत ते दोन-तीन आठवड्यांत जाते; मान वळवताना, रस्ता ओलांडताना जाणारा तोल सावरायला आठवडे ते महिने लागतात.

याच भेटीत गोळ्यांची पिशवी उघडायला लावा. प्रोक्लोरपेराझिन किंवा सिनारिझिन पहिले दोन-तीन दिवस उलट्यांसाठी ठीक आहे. तीच गोळी महिनोन्महिने चालू राहिली तर मेंदूला चूक कळतच नाही आणि जुळवणी लांबते. वयस्क माणसांत हात कापणे, चाल मंदावणे असे पार्किन्सनसारखे त्रासही यातून होतात. अंदाज चुकण्याचे हे सर्वांत सहज टाळता येण्यासारखे कारण आहे. औषध लिहून देणाऱ्या डॉक्टरांशी बोलूनच ते बंद करा.

दुसऱ्या आठवड्यातली मोजमापे

ही सहाव्या आठवड्यात पुन्हा घ्यायची आहेत, त्यामुळे खोली, पादत्राणे आणि चष्मा तोच ठेवा.

डिझिनेस हँडिकॅप इन्व्हेंटरीत २५ प्रश्न असतात: हो म्हटले की ४ गुण, कधीकधीला २, नाहीला ०. ३४ पर्यंत त्रास सौम्य, ३६ ते ५२ मध्यम, ५४ पासून पुढे तीव्र. दोन वेळांतला फरक किमान १८ गुणांचा असेल तरच खरा धरा. चार-सहा गुण नुसत्या मूडनेही बदलतात.

डोके हलताना दृष्टी किती टिकते ते बघा. आधी डोके स्थिर ठेवून तक्ता वाचून घ्या, मग तुम्ही रुग्णाचे डोके डावी-उजवीकडे हलवत वाचायला सांगा. वेग सेकंदाला दोन पूर्ण फेऱ्यांचा हवा: मोबाइलवरचा मेट्रोनोम १२० वर ठेवा आणि प्रत्येक ठोक्याला जाऊन-येऊन एक फेरी पूर्ण करा. इथे हमखास चूक होते ती ठोक्याला एकच बाजू घेण्याची. वेग निम्मा होतो, डोळे सावकाश पाठलाग करून काम भागवतात आणि कमजोर कान झाकला जातो. तीन किंवा जास्त ओळी गमावल्या तर नजर अजून अस्थिर आहे.

उभे राहण्यासाठी फोमवर डोळे मिटून ३० सेकंद. गादी वापरू नका, पाय तळाला टेकतो आणि चाचणी सोपी होते. रुग्णाच्या मागे एक माणूस उभा हवाच. चालण्यासाठी फंक्शनल गेट असेसमेंट करा. ३० पैकी २२ किंवा कमी गुण मिळालेल्या वयस्क व्यक्तीला पडण्याचा धोका धरून घरात आधार लावायला सांगा.

व्हिडिओ हेड इम्पल्स, म्हणजे डोके झटकन वळवताना डोळ्यांची हालचाल टिपणारे, यंत्र असेल तर फक्त गेन, म्हणजे डोक्याच्या मानाने डोळा किती वळतो ते, बघू नका. आतल्या कानातल्या आडव्या नलिकेचा गेन ०.८ च्या खाली राहिला तरी सावरणाऱ्या नजर-उड्या डोके हलत असतानाच आणि एका ठिकाणी गोळा होऊन येऊ लागल्या असतील, तर जुळवणी चांगली चालली आहे. त्या विखुरलेल्या आणि उशिरा येत असतील तर वेळ लागेल.

यंत्रात न दिसणारी बाजू

अंदाजाला सर्वाधिक वजन इथे आहे, म्हणून घाई करू नका. बाजाराच्या गर्दीत, मॉलमधल्या रांगांमध्ये, मोबाइलवर स्क्रोल करताना किंवा शेजारून लोकल जाताना भोवंडते का, ते विचारा. अशा रुग्णाचा तोल डोळ्यांवर प्रमाणाबाहेर टेकलेला असतो. दुसरा प्रश्न भीतीचा: छातीत धडधडले की "पुन्हा गरगर येतेय" असे वाटते का, दिवसभर शरीरातल्या हालचालींवर लक्ष असते का, एकट्याने बाहेर जाणे थांबले का? डोळ्यांवरचे अवलंबन आणि ही धास्ती, दोन्ही कॅलोरिकच्या टक्क्यापेक्षा पुढच्या त्रासाचा अंदाज नेमका देतात असे अभ्यासांत दिसले आहे. तिसरे, मायग्रेन आहे का ते विचारा. चौथे, मदतीला येणारी इतर इंद्रिये: मधुमेहाने बधिर झालेले तळपाय किंवा पिकलेला मोतीबिंदू असेल तर कालावधी वाढवून सांगा. नुसते वय जास्त म्हणून वाढवू नका. वयस्क माणसेही व्यायामाने चांगली सुधारतात.

व्यायामाला मिळणारा प्रतिसाद

हाताच्या अंतरावर, डोळ्यांच्या उंचीवर कागदावर लहान "क" लिहून चिकटवा. अक्षर स्पष्ट राहील एवढ्याच वेगाने, नजर त्यावर ठेवून डोके डावी-उजवीकडे एक मिनिट, मग वर-खाली एक मिनिट. ताज्या आजारात दिवसातून तीन वेळा, दर वेळी हा क्रम दोनदा, एकूण किमान १२ मिनिटे; जुन्या दुखण्यात किमान २० मिनिटे, चार ते सहा आठवडे. थोडी भोवळ यायलाच हवी, पण ती १५-२० मिनिटांत व्यायामाआधीच्या पातळीवर उतरली पाहिजे. तासभर राहिली तर वेग कमी करा. अजिबात आली नाही तर वेग वाढवा किंवा उभ्याने करा. प्रोग्रेसिव्ह चष्म्याने अक्षर उगाच पुसट होते, ते आधी तपासा. दोन आठवड्यांत वेग वाढवता आला तर अंदाज चांगला.

सहाव्या आठवड्यात गाडी अडली तर

आधी डिक्स-हॉलपाइक, म्हणजे डोके वळवून रुग्णाला झटकन आडवे करण्याची चाचणी, करा. न्यूरायटिसनंतर काही रुग्णांत त्याच कानातले कण सुटतात आणि कूस बदलताना काही सेकंदांची गरगर सुरू होते. एप्लीच्या हालचालींनी ती बहुधा एक-दोन बैठकांत जाते. मग गोळ्या अजून चालू आहेत का ते बघा, मग व्यायाम खरोखर किती होतो ते. तीन महिन्यांनंतरही बहुतेक दिवस डुलल्यासारखे वाटत असेल आणि उभे राहिल्यावर, हालचालीने, गर्दीच्या दृश्यांनी ते वाढत असेल, तर पीपीपीडीचा (पर्सिस्टंट पोस्चरल-पर्सेप्च्युअल डिझिनेस, म्हणजे कान सावरल्यावरही रेंगाळणारी चक्कर) विचार करा. त्याला संथ व्यायाम, समुपदेशन आणि काहींना औषध लागते. कानाच्या चाचण्या पुन्हा करून हाती काही लागत नाही.

मेनिएरमध्ये, म्हणजे आतल्या कानाच्या वारंवार उसळणाऱ्या आजारात, हा हिशेब चालत नाही, कारण कानाची स्थितीच चढउतार करते. दोन्ही कानांची तोल सांभाळण्याची शक्ती गेलेल्यांचेही वेगळे. क्षयासाठी स्ट्रेप्टोमायसिन किंवा अमिकासिनची इंजेक्शने घेतलेले असे रुग्ण अजूनही येतात, जरी प्रतिरोधी क्षयावर आता तोंडी औषधांवर भर असला तरी. सुधारणा अपुरीच राहील हे त्यांना स्पष्ट सांगा. चालताना समोरचे दृश्य हलत राहील, अंधारात तोल जाईल. रात्री संडासाच्या वाटेवर दिवा हवा, खाचखळग्यांच्या वाटेवर काठी हवी, आणि विहिरीत किंवा नदीत एकट्याने पोहणे कायमचे बंद, कारण पाण्याखाली वर कुठे आणि खाली कुठे हे त्यांना कळत नाही.